म्हैसूरकरांच्या शेजारचं इंग्रजी गाव: उटी

इंग्रजी वळणाचं टुमदार गाव बघायला म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरमच्या मंडळींना विमान नको. सकाळी गाडी काढली की गुंडलुपेट, बंदीपूर, मुदुमलाई करत दुपारच्या जेवणाला उटी! उटीसाठीचा ई-पास मात्र आधीच काढावा. बंदीपूरचा जंगलरस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो.

हे गाव वसवलं कोइंबतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन यानं. १८२२ मध्ये त्यानं इथं दगडी बंगला बांधायला घेतला. तळंही त्याचंच.

पण खरी बघण्यासारखी वास्तू म्हणजे सेंट स्टीफन्स चर्च. १८२९ मध्ये पायाभरणी झालेलं, फिक्कट पिवळ्या रंगाचं, बुटक्या मनोऱ्याचं. आत गेल्यावर मान वर करून छताच्या भक्कम तुळया नक्की पाहाव्यात. त्यांचं सागवान आलं श्रीरंगपट्टणहून, टिपू सुलतानाच्या महालातून! म्हैसूरच्या पाहुण्यानं तर इथं घटकाभर बसायलाच हवं.

वेळ उरला तर १८४८ पासूनची वनस्पतीबाग आहेच.

परतण्याआधी कुन्नूरपर्यंत रेल्वेनं जावं. १९०८ मध्ये ती उटीला पोचली, २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. कुन्नूरच्या खाली, मेट्टुपाळयमच्या बाजूला, रुळांमधल्या दात्यांत इंजिनाचं चाक अडकवत ती घाट चढते.