कपाटात जपलेला कॅमेरा

गोव्यातील डिचोली तालुक्यात असलेले सर्वण हे आमच्या आतेबहिणीचे सासर. गेल्या चतुर्थीला आम्ही इंदूरहून तेथे गेलो, तेव्हा गणपतीवरची माटोळी नुकतीच बांधून झाली होती. सुपारीचे घोस, नारळ, काकड्या आणि रानातून हुडकून आणलेली नाना फळे! छायाचित्रासाठी भावोजींनी कपाटातून डिजिटल कॅमेरा काढला. चामड्याची पिशवी, तीवर रेशमी रुमाल आणि सोबतीला डांबराची गोळी. शिमग्यापासून वस्तू अशी जपून ठेवलेली. परंतु चित्र उमटले ते धुक्यातल्यासारखे. भिंग उजेडाकडे धरले, तो आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. बुरशी!

यात हयगय कोणाचीच नव्हती. किंबहुना अति जपणुकीनेच घात केला होता. बुरशीचे बीज हवेत सर्वत्र असते. अंधार, कोंडलेली हवा आणि ओल मिळाली की ते रुजते. चामडे ओल धरून ठेवते. डांबराची गोळी किडे पळवील, पण ओल शोषणार नाही. बुरशीचे आम्ल भिंगावरील लेप खाते. ती लवकर दिसली तर जाणता कारागीर ती पुसून देतो. उशीर झाला तर डाग कायमचा. आपला माळवा कोकणाहून कोरडा खरा. तरी श्रावण-भाद्रपदात येथील कपाटेही दमट होतातच.

उपाय मात्र घरगुती आहे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखविणारे छोटे यंत्र ठेवावे. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असला म्हणजे झाले. नारिंगी दाणे ओल पिऊन हिरवे झाले, की भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असते. ते स्वयंपाकघरात नेऊ नयेत. कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरण्याची युक्ती तर सोडूनच द्यावी. कोंडा आणि धूळ आत जाते.

डिचोली हा लोहखनिजाचा मुलूख. तेथील लाल धूळ भिंगाची दुसरी वैरीण. पदराने किंवा धोतराच्या सोग्याने भिंग पुसले, की धुळीचे कण काचेवर ओरखडे ओढतात. आधी रबरी फुग्याने वारा द्यावा, मग मऊ कुंचला, आणि शेवटी द्रावणाचा एक थेंब भिंगावर नव्हे, तर स्वच्छ कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसावे. भिंग बदलताना कॅमेरा बंद करून त्याचे तोंड खाली धरावे. गार खोलीतून दमट अंगणात जाताना पिशवी थोडा वेळ मिटलेलीच राहू द्यावी. नाहीतर काचेवर दव धरते. बॅटरी महिनोन् महिने कॅमेऱ्यात ठेवू नये. निम्मी भरून वेगळी ठेवावी.

राहिली ती चित्रे. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता छायाचित्रणाकडे वळलेले राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) काचेवर चित्र घेत. ती काच हाती धरता येई, पेटीत ठेवता येई. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनविला. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला त्याला २३ सेकंद लागत. आता क्षणात चित्र उमटते आणि नखाएवढ्या कार्डावर हजारो मावतात. पण कार्ड बिघडले, तर हाती काचही उरत नाही. म्हणून दिवा लुकलुकत असता कार्ड ओढू नये. चित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, त्या उघडून पाहाव्यात, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यातच कोरे करावे.

सर्वणच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर एक पुसट डाग राहिला. पण त्याच कार्डावर आतेबहिणीच्या सासूबाईंची माटोळीखाली बसलेली शेवटची छायाचित्रे होती. ती आम्ही त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवून घेतली. तेव्हापासून भावोजी दर रविवारी कॅमेरा बाहेर काढतात, अंगणातल्या तुळशीचे एखादे चित्र घेतात आणि पुन्हा डब्यात ठेवतात. दागिना कपाटात शोभतो. कॅमेरा मात्र हाताळल्यानेच टिकतो.