ठळक चित्र आणि बोलके चित्र

शाळेची घंटा रोज अकराला वाजते. ती ऐकून कोणी मान वर करत नाही. पण तीच घंटा एखाद्या दिवशी भर तासात, वेळ नसताना घणघणली तर? सारा वर्ग कान टवकारतो! आवाज तोच, पण पहिल्या घंटेत नवी माहिती नव्हती, दुसरीत आहे. जे आधीच ठाऊक आहे ते कितीही मोठ्याने सांगा, माहिती शून्य. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली या साध्या गोष्टीला मोजमाप दिले. नाणे उडवल्यावर छाप की काटा, ही शंका फेडणारी माहिती म्हणजे १ बिट.

संदेशवहनासाठी जन्मलेले हे गणित आता शरीरातील ऊतींपर्यंत पोचले आहे. १९९७ साली रिचर्ड कॅप्रिओली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊतींतील रेणूंची चित्रे काढण्याची एक रीत प्रसिद्ध केली. ऊतीचा केसाहून पातळ काप घ्यायचा, त्यावर लेसरचा प्रकाश शोषणाऱ्या पदार्थाचा लेप द्यायचा आणि एकेका ठिपक्यावर लेसरचा झोत टाकायचा. तेथून विद्युतभारित रेणू उडतात. उपकरण त्यांना वस्तुमानावरून ओळखते. प्रत्येक वस्तुमानाचे एक चित्र, म्हणजे एकाच कापातून शेकडो चित्रे! कर्करोगाच्या गाठीची सीमा शोधणाऱ्याने त्यांतले कोणते पाहावे? डोळा धावतो सर्वांत ठळक चित्राकडे. इथेच तो फसतो.

आलेखाच्या कागदावर १६ चौकोन आखा. ८ रोगट, ८ निरोगी समजा. ‘क’ हा रेणू सगळ्याच चौकोनांत भरपूर आहे. चित्र झगझगीत, पण रोगाविषयी माहिती शून्य. ‘ख’ फिका आहे, पण रोगट चौकोनांतच सापडतो आणि तिथे सर्वत्र सापडतो. माहिती १ बिट, शंका पुरती फिटली. ‘ग’ सर्व निरोगी चौकोनांत आहे, रोगट भागात त्याचा पत्ताच नाही. त्याचीही माहिती १ बिटच! एखाद्याचे नसणेसुद्धा बोलके असते. आणि ‘घ’ जर ६ रोगट व २ निरोगी चौकोनांत असेल तर? पाऊण बिट, असे तुम्ही म्हणाल. शॅननच्या सूत्राने उत्तर येते सुमारे ०.१९ बिट!

मात्र या मोजणीतही एक चकवा आहे. वर्गातल्या ६० मुलांनी प्रत्येकी चार वेळा नाणे उडवले, तर तिघाचौघांना चारही वेळा छाप मिळेल. ते काही जादूगार नव्हेत. शेकडो रेणूंतही एखादा असाच योगायोगाने ‘बोलका’ ठरतो. म्हणून तो दुसऱ्या रुग्णांच्या कापांतही तेच सांगतो का, हे तपासावे लागते.