तलासरीतलं जहाज उड्या का मारतं? : एका जुन्या गेमचा नवा क्लायंट

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात.

मी डहाणूचा, बीटेक झालेला, पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आजचा विषय आहे माझ्यापेक्षा वयाने मोठा असलेला एक गेम, नेट्रेक. केविन स्मिथ आणि स्कॉट सिल्व्ही यांनी तो १९८८ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात लिहिला. आठ विरुद्ध आठ खेळाडू, अंतराळात ४० ग्रह. जहाज चालवायचं, टॉर्पेडो मारायचे आणि समोरच्या संघाचे ग्रह जिंकायचे. कोड सगळ्यांसाठी खुला आहे, म्हणून मी आणि माझ्या आतेभावाने तो उचलला. तो तलासरीत राहतो. सर्व्हर मुंबईत, भाड्याने घेतलेला.

पहिल्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "दादा, तुझं जहाज उडी मारतंय. मी गोळी मारतो तिथे तू नसतोसच!"

त्याचं म्हणणं खरं होतं. माझ्याकडे वायफाय, त्याच्याकडे मोबाइल डेटा. दुपारी त्याचा पिंग साठ मिलिसेकंद, तर संध्याकाळी सगळे फोन घेऊन बसले की चारशे. म्हणजे तो हरत होता तो खेळामुळे नाही, टॉवरमुळे. मला ते बोचलं, आणि मी क्लायंट सुधारायला बसलो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. असल्या गेममध्ये खरा खेळ सर्व्हरवर चालतो. तुमचा क्लायंट फक्त इच्छा कळवतो: डावीकडे वळ, वेग वाढव, गोळी मार. काय घडलं ते सर्व्हर ठरवतो आणि प्रत्येकाला कळवतो.

हे कळवायचे दोन मार्ग आहेत. टीसीपी म्हणजे आपला हायवे जाम. पुढे एक ट्रक बंद पडला की मागचे सगळे थांबले, कारण क्रम मोडायचा नाही. एक पॅकेट हरवलं तर ते परत येईपर्यंत मागची ताजी पॅकेटंही अडकतात. यूडीपी म्हणजे डहाणू रोड स्टेशनवरची घोषणा. एक ऐकू आली नाही तर जाऊ दे, पुढची ऐका. अर्ध्या सेकंदापूर्वी जहाज कुठे होतं याचा आता उपयोग काय? नेट्रेकमध्ये यूडीपीची सोय नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच आली होती. आमच्या सेटिंगमध्ये ती बंद होती, एवढंच. चालू केली आणि अर्धं दुखणं गेलं.

उरलेलं अर्धं चित्राचं. डेटा वाचावा म्हणून आम्ही सेकंदाला पाच अपडेट ठेवले होते, म्हणजे दर २०० मिलिसेकंदांनी एक. मोबाइलचा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो. म्हणजे दर बारा चित्रांत एकच खरं, बाकी अकरा तेच जुनं. जहाज उडी मारणारच!

सर्व्हर जहाजाची जागा, दिशा आणि वेग तिन्ही पाठवतो. मग मधल्या वेळात जहाज कुठे पोचलं असेल याचा हिशोब क्लायंटच करू शकतो. हा अंदाज मी घातला. पण समोरच्याने मध्येच वळण घेतलं की अंदाज चुकतो आणि जहाज झटका देऊन खऱ्या जागी येतं. म्हणून चूक एकदम न सुधारता पुढच्या पाच-सहा चित्रांत थोडी थोडी सुधारायची. आतेभावाचा मेसेज आला: "आता मख्खन!"

इथेच थांबलो असतो तर बरं. मग मला हुक्की आली. शत्रूचा टॉर्पेडो सरळ रेषेत जातो, तर ती रेषाच स्क्रीनवर आखून दाखवली तर? तासाभरात झालं. सलग चार डाव मी जिंकलो. पाचव्याला तो म्हणाला, "दादा, हे तू खेळतोयस का तुझा कोड?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

नेट्रेकवाल्यांनी हे भांडण तीसेक वर्षांपूर्वीच करून घेतलं आहे. आपोआप नेम धरणाऱ्या किंवा गोळी चुकवणाऱ्या क्लायंटला ते बोर्ग म्हणतात. कोड खुला, म्हणजे कोणीही बोर्ग बनवणार. म्हणून विश्वासातल्या क्लायंटमध्ये आरएसएची गुप्त किल्ली घालून सर्व्हर ती तपासू लागले. पण किल्ली शेवटी खेळाडूच्याच मशीनवर असते, त्यामुळे तीही पूर्ण खात्री नाही.

खेळाडूंनी केलेली सुधारणा वाईटच असते असंही नाही. सबस्पेस नावाचा दुसरा अंतराळ गेम १९९७ मध्ये बाजारात आला. पुढे कंपनीने तो वाऱ्यावर सोडला, तेव्हा एस्टोनियाच्या प्रीट कासेसालू यांनी मूळ कोड हातात नसताना त्याचा नवा क्लायंट लिहिला, कंटिन्युअम. तो गेम त्यामुळेच टिकला. हेच कासेसालू पुढे स्काइप घडवणाऱ्यांपैकी एक!

माझ्यापुरता नियम मी असा केला: नेटवर्कने हिरावलेलं परत दिलं तर ती सुधारणा. डोळ्यांचं आणि बोटांचं काम कोडने केलं तर ती चीटिंग. टॉर्पेडोची रेषा काढून टाकली. अंदाज ठेवला, कारण त्याने तलासरी आणि डहाणू एका पातळीवर आले.

काल संध्याकाळी चारशे पिंगवर त्याने मला तीनदा उडवलं. या वेळी दोष द्यायला टॉवरही नव्हता.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्याकडे पिंग किती येतो ते नक्की कळवा!