बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेतील पद्धतीची व शल्यचिकित्सकाची निवड

बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया म्हणजे जठराचा आकार लहान करून, लहान आतड्यातील अन्नाचा मार्ग बदलून किंवा या दोन्ही उपायांनी तीव्र लठ्ठपणावर केला जाणारा उपचार. मधुमेहासारख्या चयापचयाच्या विकारांवरही तिचा परिणाम होत असल्याने तिला चयापचय शस्त्रक्रिया असेही म्हटले जाते. त्वचेखालील चरबी शोषून काढणारी लायपोसक्शन ही सौंदर्यशस्त्रक्रिया असून तिचा या उपचाराशी संबंध नाही. तरीही या दोहोंची गल्लत वारंवार केली जाते. बॅरिएट्रिक शस्त्रक्रियांपैकी काही कायमस्वरूपी असतात, म्हणजे काढलेला जठराचा भाग परत बसवता येत नाही. त्यामुळे कोणती पद्धत निवडावी आणि ती कोणाच्या हातून करून घ्यावी, या दोन प्रश्नांना विशेष महत्त्व येते.

पात्रता

पात्रता ठरवताना प्रामुख्याने शरीरवस्तुमान निर्देशांक (बीएमआय) पाहिला जातो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ साली निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक, अथवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, अशी मर्यादा सुचवली होती व ती तीन दशके प्रमाण मानली गेली. २०२२ साली या क्षेत्रातील अमेरिकी व आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती खाली आणली. नव्या शिफारशींनुसार निर्देशांक ३५ असल्यास सहव्याधी नसतानाही शस्त्रक्रिया सुचवता येते आणि ३० पासून पुढे चयापचयाचा विकार असल्यास तिचा विचार करता येतो. आशियाई लोकांमध्ये त्याच निर्देशांकाला शरीरातील, विशेषतः पोटातील, चरबीचे प्रमाण अधिक असते व मधुमेह लवकर जडतो. म्हणून त्यांच्यासाठी ही मर्यादा २७.५ इतकी सांगितली आहे.

भारतात मात्र आरोग्यविम्याचे निकष वेगळे आहेत. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली प्रमाणित केलेल्या अटींनुसार, १८ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीचा निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असावा लागतो. अथवा तो ३५ असून अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास थांबण्याचा तीव्र विकार असावा लागतो आणि सौम्य उपाय अयशस्वी ठरलेले असावे लागतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत २७.५ म्हणजे सुमारे ७० किलो, तर ४० म्हणजे सुमारे १०२ किलो वजन होय. या दोन आकड्यांच्या मधल्या रुग्णांपैकी अनेकांना वैद्यकीय शिफारस असूनही खर्च स्वतः सोसावा लागतो.

प्रमुख पद्धती

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या पद्धतीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. आतड्याला हात लावला जात नाही. ही क्रिया मुळात अतिस्थूल रुग्णांवरील मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून केली जात असे. अनेकांना दुसऱ्या टप्प्याची गरजच भासत नाही, असे आढळल्यावर ती स्वतंत्र पद्धत बनली. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या काढलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही मंदावते.

गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली केली. आजच्या रू-एन-वाय प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या खालच्या भागाला जोडतात. उरलेले जठर शरीरातच राहते, परंतु त्यातून अन्न जात नाही. एकाच जोडाचा बायपास हे याचेच सोपे रूप असून त्याला मिनी बायपास म्हणतात. नाव ‘मिनी’ असले तरी ही शस्त्रक्रिया छोटी नाही. ड्युओडेनल स्विच या पद्धतीत वजन सर्वाधिक घटते, पण प्रथिने व जीवनसत्त्वांची कमतरताही सर्वाधिक होते. जठराभोवती बसवायचा पट्टा एकेकाळी लोकप्रिय होता. आता तो क्वचितच वापरला जातो.

पद्धत कशी ठरते

सर्वांसाठी सर्वोत्तम अशी एकच पद्धत नाही. स्वित्झर्लंडमधील २१७ रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर स्लीव्ह व बायपास यांच्यात वजन घटण्याच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र जठरातील आम्ल अन्ननलिकेत परत येण्याचा त्रास स्लीव्हनंतर ३१.८ टक्के रुग्णांमध्ये वाढला, तर बायपासनंतर ६.३ टक्के रुग्णांमध्ये. त्यामुळे आधीपासून छातीत तीव्र जळजळ होणाऱ्या रुग्णासाठी सहसा बायपास सुचवला जातो. दीर्घकालीन मधुमेहातही बायपासचा परिणाम काहीसा सरस मानला जातो.

उलट, संधिवातासाठी रोज वेदनाशामक गोळ्या घ्याव्या लागणाऱ्या किंवा धूम्रपान न सोडणाऱ्या रुग्णात बायपासच्या जोडापाशी व्रण होण्याचा धोका असतो. आतड्याचा क्रोन रोग असल्यासही स्लीव्ह अधिक योग्य ठरते. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त असलेल्या जपानमध्ये बायपासला फारशी पसंती मिळाली नाही, कारण बाजूला ठेवलेल्या जठराची दुर्बिणीतून तपासणी करणे अवघड होते. भारतातील शाकाहारी रुग्णांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता मुळातच सर्रास आढळते आणि बायपासनंतर ती वाढते. अशा रुग्णाच्या बाबतीत, आयुष्यभर पूरक औषधे घेण्याची त्याची तयारी आहे का, हे आधी पाहावे लागते.

शल्यचिकित्सकाची निवड

हाताच्या कौशल्याने किती फरक पडतो, हे अमेरिकेतील मिशिगन राज्यातील एका अभ्यासाने मोजून दाखवले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २० शल्यचिकित्सकांनी दुर्बिणीद्वारे केलेल्या बायपासच्या चित्रफिती, करणाऱ्याचे नाव न कळवता, त्यांच्याच व्यवसायबंधूंकडून तपासून घेण्यात आल्या. कौशल्यात सर्वांत खालच्या चौथ्या भागात आलेल्यांच्या रुग्णांपैकी १४.५ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, तर सर्वांत वरच्या भागात हे प्रमाण ५.२ टक्के होते. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ०.२६ व ०.०५ टक्के होते. पुढील पाहणीत वर्षभरानंतरच्या वजनघटीत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे किती किलो वजन उतरले हे सांगणाऱ्या आधी-नंतरच्या छायाचित्रांवरून शल्यचिकित्सकाचे कौशल्य कळत नाही.

भारतात सामान्य शल्यचिकित्सेतील एमएस किंवा डीएनबी ही मूलभूत पात्रता असते व महाराष्ट्रात व्यवसाय करणाऱ्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तपासता येते. या पदवीवरून विशिष्ट शस्त्रक्रियेचा अनुभव समजत नाही. म्हणून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील पुढील प्रशिक्षण, सुचवलेल्या पद्धतीच्या वर्षभरातील शस्त्रक्रियांची संख्या, टाक्यांच्या रेषेतून गळती व रक्तस्राव यांचे स्वतःच्या रुग्णांमधील प्रमाण आणि पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या रुग्णांची संख्या हे प्रश्न विचारणे रास्त असते. गुंतागुंत कधीच होत नाही, हे उत्तर विश्वासार्ह नाही. सर्व रुग्णांना एकच पद्धत सुचवणाऱ्याच्या बाबतीत, त्याला इतर पद्धती येतात का, हेही पाहावे. यंत्रमानवाच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेची जाहिरात मोठ्या प्रमाणावर होते. परंतु यंत्रमानव हे साधन आहे, स्वतंत्र पद्धत नव्हे.

रुग्णालय व पाठपुरावा

गळतीची लक्षणे कधीकधी रुग्ण घरी गेल्यावर दिसतात. वाढलेली नाडी, ताप व पोटदुखी यांकडे दुर्लक्ष झाल्यास ती प्राणघातक ठरू शकते. म्हणून अतिदक्षता विभाग, स्थूल रुग्णांचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञ आणि रात्री-अपरात्री उपलब्ध असणारे शल्यचिकित्सकांचे पथक आवश्यक असते. दूरच्या शहरात किंवा परदेशात शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी गावी परतल्यावर कोणाकडे जायचे, हे आधीच ठरवणे गरजेचे आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी आहारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडून तपासणी होते. नंतर लोह, कॅल्शियम, ड व ब-१२ जीवनसत्त्वांची रक्ततपासणी दरवर्षी करावी लागते. सतत उलट्या होत असल्यास ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने मेंदूला इजा होऊ शकते. स्त्रियांना गर्भधारणा १२ ते १८ महिने पुढे ढकलण्याचा सल्ला दिला जातो. बायपासनंतर मद्य झपाट्याने रक्तात उतरते. झपाट्याने वजन उतरल्यावर पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाण वाढते, तर काही वर्षांनी काही रुग्णांचे वजन अंशतः परत चढते व पद्धत बदलण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.