परदेशस्थ भारतीयांचे खाते आणि लोकनायक अणे

युद्धात सापडलेल्या नागरिकांना सुखरूप बाहेर काढणे हे वकिलातीचे काम, असे आज गृहीत धरले जाते. परंतु पारतंत्र्यातील हिंदुस्थानला स्वतःच्या वकिलाती नसल्याने ब्रह्मदेश, मलाया व सिलोन येथे ही जबाबदारी ‘एजंट’वर, म्हणजे तेथील भारतीयांचे, विशेषतः मजुरांचे हित पाहणाऱ्या सरकारी प्रतिनिधीवर पडे. 1941 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार झाला, तेव्हा परदेशस्थ भारतीयांचे खाते यवतमाळचे वकील माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे यांच्याकडे आले. वणीत 1880 साली जन्मलेला हा टिळकांचा अनुयायी 1930 च्या जुलैत पुसदला राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग करून बसलेला. तो आता सरकारात शिरला, हे अनेकांना रुचले नाही.

या खात्याची कसोटी लवकरच लागली. 23 डिसेंबर 1941 रोजी ब्रह्मदेशातील रंगूनवर जपानी बॉम्ब पडले आणि 8 मार्च 1942 रोजी शहर जपान्यांच्या हाती गेले. ब्रह्मदेशातील सुमारे दहा लाख भारतीयांपैकी निम्म्याच्या आसपास लोक मिळेल त्या वाटेने निघाले. त्यांच्याबरोबरच रंगूनच्या मुस्मेह येशुआ सिनेगॉगभोवतीचे बगदादी यहुदी, म्हणजे इराककडून व्यापारासाठी आलेल्या कुटुंबांचे वंशज, हेही बाहेर पडले आणि त्यांतील अनेकांनी कोलकात्यातील ज्ञातिबांधवांचा आसरा घेतला. ब्रिटिश दप्तरात हा समाज धड युरोपीय नव्हता, धड भारतीयही नव्हता. एरवी नोकरीपुरती नि मतदानापुरती चालणारी ही वर्गवारी सरहद्दीवरच्या डोंगरात मात्र माणसाची वाट ठरवू लागली. तामूहून मणिपुरात उतरल्यावर युरोपीय व अँग्लो-इंडियन निर्वासितांना इम्फाळवरून दिमापूरपर्यंत मोटारी मिळत, तर सर्वसामान्य भारतीयांना बिशनपूरकडून सिलचरच्या दिशेने डोंगर पायी तुडवावे लागत. कॉलरा, हिवताप आणि उपासमार यांनी हजारो माणसे वाटेतच गेली. लोक या दोन वाटांना अनुक्रमे ‘गोरी’ आणि ‘काळी’ म्हणत.

अण्यांनी उदारमतवादी नेते हृदयनाथ कुंझरू यांच्यासह आसामच्या बाजूला जाऊन ही स्थिती प्रत्यक्ष पाहिली आणि भेदभावाची तक्रार उघडपणे मांडली गेली. काँग्रेसच्या अलाहाबाद बैठकीनेही या भेदभावाचा निषेध केला. येथे खात्याची मर्यादा उघडी पडते: निर्वासितांची जबाबदारी खात्याची खरी, परंतु मोटारी नि रस्ते लष्कराच्या ताब्यात, छावण्यांचे बरेचसे काम चहामळेवाल्यांच्या संघटनेकडे, आणि ब्रह्मदेशातील एजंट हचिंग्स हाही इंग्रज अधिकारीच. आपल्याच सरकारकडे दाद मागणारा मंत्री, अशी अण्यांची अवस्था झाली. तरी त्यांनी सरकारात बसून ती दाद मागितली, याचे श्रेय टीकाकारांनी त्यांना क्वचितच दिले.

स्थानबद्ध गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर फेब्रुवारी 1943 मध्ये अण्यांनी कार्यकारी मंडळातील सहकारी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला. त्याच वर्षी ते हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले, आणि 1947 पर्यंत तेथील चहामळ्यांवरील तमिळ मजुरांच्या नागरिकत्वाचा व मताधिकाराचा प्रश्न त्यांच्यापुढे राहिला.