ऊन पाणी का येईना?

माळव्याच्या पठारावरील पौषातली पहाट किती बोचरी असते, याची कल्पना किनारपट्टीवरील आमच्या वाचकांस सहसा येणार नाही. गेल्या हिवाळ्यात इंदूरहून सुमारे ४० किलोमीटरवरील देपालपूर या तालुक्याच्या गावी एका मराठी कुटुंबाकडे आमचा मुक्काम पडला. होळकरशाहीपासून त्या मुलखात स्थिरावलेली अशी घराणी पुष्कळ आहेत. यजमानांचे आतिथ्य उदार, परंतु न्हाणीघरात मात्र पंचाईत! विजेच्या गीझरमधून सुतासारखी बारीक धार येई, आणि तीही कोमट. मिस्त्री तीनदा येऊन गेला होता, तापणारी सळई दोनदा बदलली होती, पैसे गेले होते आणि दुखणे जागच्या जागी होते.

घरच्या आजीबाई म्हणाल्या, "अहो, आमच्या बंबाने असा छळ कधी केला नाही हो!" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. तांब्याच्या बंबात बिघडण्याजोगे असते काय? मधोमध धुराची नळी, खाली राखेची जाळी, भोवती पाणी. तो रिकामा तापू दिला नाही, म्हणजे झाले. नाहीतर सांध्याचे डाख वितळतात. मात्र आजीबाई दर महिन्यास बंबाच्या आतील पांढरा खार चिंचेच्या कोळाने काढीत असत, ही गोष्ट बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघाली आणि आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

माळव्याची भूमी काळ्या कातळाची. विंधण विहिरीचे पाणी त्या कातळाच्या फटींतून येते व चुना आणि मॅग्नेशियम यांचे क्षार बरोबर आणते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणी नसेल तेथे ६०० पर्यंत चालवून घेतात. असे जड पाणी तापले की विरघळलेला चुना घट्ट होऊन बाहेर पडतो आणि पाणी जितके अधिक तापवावे तितका अधिक पडतो. तो बसतो कोठे? जेथे सर्वांत जास्त उष्णता, तेथे. म्हणजे नेमका सळईवर.

मग आम्ही आणि यजमान मिळून शोधास लागलो. प्रथम थंड पाण्याची तोटी सोडून पाहिली. धार जोरदार! म्हणजे गच्चीवरील टाकी निर्दोष. अडथळा गीझरात अथवा त्याच्या नळ्यांत. मुख्य बटण बंद केले, पाण्याची चावी फिरविली, गीझर निवू दिला व प्रवेशनळीचा सांधा सोडविला. तेथील झडपेच्या जाळीत चुन्याचे खडे व काळ्या मातीचा गाळ गच्च बसला होता. जाळी धुताच धार सुधारली. श्रीमंतांच्या अंगणात ऊन पाण्याचे जे हौद असतात, त्यांचेही दुखणे बहुधा हेच असते, असे आम्ही वाचले आहे: गाळणी तुंबते, प्रवाह मंदावतो, आणि तापक स्वतःस जळण्यापासून वाचविण्याकरिता आपण होऊन बंद पडतो.

कोमटपणाचे कारण सळई बाहेर काढल्यावर कळले. दोनदा नवी घातलेली सळई पुन्हा बोटभर जाड पुटाने मढली होती. शेजारची, थर्मोस्टॅटची नळीही तशीच. पुटाआडून त्यास उष्णतेची वर्दी उशिरा पोहोचे, तोवर पाणी भलतेच तापे आणि सुरक्षेचे बटण उडे. मिस्त्री ते दाबून जाई. दोन दिवसांनी पुन्हा तेच! रोग टाकीत, औषध बटणाला. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात सळई रात्रभर भिजविली, टाकीच्या तळाचा गाळ काढला, झिजून तार उरलेली मॅग्नेशियमची कांडी बदलली आणि तापमान ६० अंशांच्या खाली ठेवले. हे काम विजेचे आहे. ज्यास त्याची माहिती नाही त्याने जाणत्या मनुष्याकडूनच करवावे, हे सांगणे नलगे. दोन हजार वॉटचा गीझर सुमारे ९ अँपियर वीज ओढतो, त्यास लहान खटक्यावर जोडणे आणि जमिनीची तार टाळणे म्हणजे आगीस आमंत्रण.

परंतु आम्हास खरी काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. विजेच्या गीझरास विटून यजमानांनी गॅसचा गीझर घेण्याचे ठरविले होते, आणि तो त्याच न्हाणीघरात बसवावयाचा होता. खोली लहान, थंडीच्या भीतीने एकुलता झरोका पुठ्ठ्याने बंद केलेला. आम्ही स्पष्ट विरोध केला. बंद खोलीत ज्योतीस हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्यास वास नाही, रंग नाही. रक्तातील लालद्रव्यास तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, भोवळ येते, आणि आतून कडी लावलेली असल्यामुळे बाहेरच्यांस काही उमगत नाही. स्नानास गेलेली धडधाकट माणसे अशा रीतीने गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यास वर्तमानपत्रांत येतात. घरात सहा व चार वर्षांची दोन नातवंडे होती.

यजमान क्षणभर रागावले. "आम्ही काय रोज अर्धा अर्धा तास आंघोळ करतो?" असे ते म्हणाले. तरी आम्ही हेका सोडला नाही. शिवाय त्यांची टाकी तोटीपासून जेमतेम दोन मीटर उंच. दहा मीटर उंचीस एक वातावरणाचा दाब, म्हणजे येथे त्याचा पाचवा हिस्सा. आणि गॅसच्या गीझरची झडप पाण्याच्या रेट्यानेच उघडते. ज्योत पेटेल की नाही, याचीच शंका! बसवायचाच तर भिंतीबाहेर, उघड्या हवेत बसवावा आणि ऊन पाणी नळीने आत आणावे, इतके त्यांनी अखेर मान्य केले.

आम्ही निघालो त्या सकाळी धार चांगली मनगटाएवढी होती व पाणी वाफाळत होते. झरोक्याचा पुठ्ठा धाकट्या सूनबाईंनी काढून चुलीत घातला. माळ्यावरचा बंब मात्र आजीबाईंनी खाली उतरवून घेतला होता आणि अंगणात बसून त्या त्यास चिंच लावीत होत्या.