बाजारची अरबी कुंडीत लावा, अळूची पाने घरीच काढा

भोपाळ : इथे भाजीच्या कुठल्याही ठेल्यावर मिळणारी अरबी म्हणजे आपली अळकुडी. बदली होऊन आलेल्या मराठी घरांना हे बरेचदा उशिरा कळते. कंद उकडून खायचे आणि वडीच्या पानांसाठी बाजार पालथा घालायचा, असा प्रकार चालतो. त्यातलेच चार-पाच कंद बाजूला काढले तर पाने दारातच मिळतात.

जूनच्या मध्यानंतर पहिला दमदार पाऊस झाला की कोंब आलेला घट्ट कंद दोन इंच खोल लावा, कोंब वरच्या बाजूला. कुंडी निदान फूटभर खोल हवी. अळूला ओल लागते; उन्हाळ्यातच लावायचा असेल तर कूलरचे पाणी ठिबकते ती जागा झकास! दीड-दोन महिन्यांत, म्हणजे गणपतीच्या सुमारास, पाने हाताशी येतात. एका झाडाची एका वेळी एक-दोनच काढा.

बाजारच्या अरबीचे देठ बहुधा हिरवे असतात, वडीच्या अळूसारखे काळसर नव्हे. त्यामुळे पान खाजरे निघू शकते. ही खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची. चिंच घालून नीट शिजवले की त्रास कमी होतो, कच्चे पान मात्र चाखायचे नाही. शोभेचे कॅलेडियमही अळूसारखेच दिसते, ते विषारी. म्हणून स्वतः लावलेल्या कंदाचीच पाने खावीत.

भोपाळची काळी माती कुंडीत चिकट होते, पाणी धरून बसते. निम्मी माती, बाकी वाळू आणि शेणखत असे मिसळा. माती कुठून आणता हेही बघा. युनियन कार्बाइडच्या जुन्या कारखान्यातला कचरा जमिनीत मुरून भोवतालच्या भूजलात विषारी रसायने उतरली आहेत; तिथल्या वस्त्यांना नळाने स्वच्छ पाणी द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 2004 मध्ये द्यावा लागला. त्या भागातली माती किंवा बोअरचे पाणी खायच्या भाजीला नकोच.

थंडीची भाजी ऑक्टोबरात. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून खोचल्या की दोन-तीन आठवड्यांत पात कापता येते. मध्य प्रदेश लसूण पिकवण्यात देशात पुढे, तरी 2024 मध्ये इथेच तो किलोला 400 रुपयांपर्यंत गेला होता. घरच्या पातीने तेवढी फोडणी तरी भागते. गड्ड्यांची आशा धरू नका, त्याला चार-पाच महिने लागतात. डब्यातली मेथी थेट पेरा. धणे आधी हलके रगडून दोन फाकी करा.

टोमॅटोचे बी उगवते खरे, पण बाजारचे टोमॅटो बहुतेक संकरित; फळ तसेच येईल याची खात्री नाही. बटाटा लावलात तर वाढत्या रोपाला माती चढवत राहा. उघडा पडून हिरवा झालेला बटाटा फेकून द्यावा, त्यात सोलानिन हे विष वाढलेले असते आणि ते उकडूनही जात नाही.